कोकण किनाऱ्यावर बांधकाम परवानगी: सल्लागारांची मोट कशी बांधावी

कोकणातल्या बांधकाम परवानगीच्या फायली अडकतात तेव्हा दोष शक्यतो कुणा एका सल्लागाराचा नसतो. वकिलाने सर्च रिपोर्ट (जमिनीच्या जुन्या नोंदींचा तपास) नीट काढलेला असतो, सर्व्हेअरने मोजणी केलेली असते, आर्किटेक्टचा आराखडा देखणा असतो, सीआरझेडवाल्याचा, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाचे नियम बघणाऱ्याचा, नकाशाही बरोबर असतो. पण ही सगळी कामं वेगवेगळ्या नकाशांवर, वेगवेगळ्या महिन्यांत आणि एकमेकांना न विचारता झालेली असतात. नगररचना कार्यालयात हे कागद पहिल्यांदा एका टेबलावर येतात, आणि मग त्रुटींचं पत्र निघतं.

म्हणून या लेखात परवानगीच्या कायद्यापेक्षा माणसांच्या क्रमाबद्दल जास्त लिहितो आहे: कुणाला कधी बोलवायचं, कुणाच्या हातात काय द्यायचं, कुणाचं उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला काम सुरू करू द्यायचं नाही. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हा क्रम थोड्याफार फरकाने सारखाच चालतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक जागा डोळ्यांसमोर ठेवू. समजा, गुहागर तालुक्यात खाडीच्या मुखाजवळ ६० गुंठे जमीन आहे. वरच्या अंगाला जांभ्याचा कातळ, खाली माडा-पोफळीचं जुनं आगर, त्याच्याही खाली खाडी आणि काठावर थोडी कांदळं (खारफुटी). समुद्राची भरतीरेषा तिथून तीन-साडेतीनशे मीटरवर. मालकाला बारा खोल्यांचं पर्यटक निवास काढायचं आहे आणि स्वतःला राहायला छोटं घर हवं आहे.

आधी सूत्रधार ठरवा

सात-आठ सल्लागार असले की प्रत्येक जण मालकाशी बोलतो आणि मालक प्रत्येकाला जमेल तसं सांगतो. मालक मुंबईला असेल तर हे सगळं फोनवर चालतं. त्यामुळे पहिल्याच दिवशी एक माणूस नेमा, ज्याच्यामार्फत प्रत्येक कागद जाईल आणि येईल. बहुतेक ठिकाणी हे काम आर्किटेक्ट करतो आणि ते योग्यही आहे, पण त्याच्या फीमध्ये ते वेगळं लिहिलेलं हवं. 'समन्वय' हा शब्द करारात नुसता असून भागत नाही. बैठका कोण बोलावणार, नकाशांची नोंदवही कोण ठेवणार, त्रुटींना एकत्रित उत्तर कोण लिहिणार, हे तीन प्रश्न नावानिशी सुटले पाहिजेत.

सूत्रधाराच्या हातात मालकाने एक पानभर मजकूर द्यावा. काय बांधायचं आहे, किती खोल्या, किती पैसे, कधीपर्यंत, आणि कोणत्या दोन-तीन गोष्टींवर तडजोड नाही. 'विहीर आणि तिच्याजवळचा फणस राहिलाच पाहिजे' हे वाक्य या पानावर असेल तर पुढे तीन सल्लागारांचं काम सोपं होतं. ते आराखडा झाल्यावर आठवलं तर तिघांचंही काम पुन्हा करावं लागतं.

पहिले दोघे: वकील आणि मोजणी

बयाणा देण्याआधी या दोघांना गाठा. दोघेही शक्यतो तालुक्याच्या ठिकाणचेच असावेत. बाकीचे सल्लागार रत्नागिरीचे, कोल्हापूरचे, पुण्या-मुंबईचे चालतील. पण फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) वाचून त्यामागची वाटणी आणि वहिवाट ओळखणारा वकील स्थानिकच लागतो.

कोकणातला सातबारा उघडला की नावांची रांग असते. सहहिस्सेदार मुंबईत, काहींचे वारस नोंदलेलेच नाहीत, तर कुणाचा हिस्सा 'सामाईक'. वकिलाला नुसतं टायटल बघायला सांगू नका, त्याच्याकडून ठरावीक प्रश्नांची लेखी उत्तरं घ्या. जमीन भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणाने विकता येणारी) आहे की २ (सरकारी परवानगीशिवाय न विकता येणारी)? इतर हक्कांत कुळाचं नाव किंवा कूळ कायद्याच्या कलम ४३ चा (कुळाला मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकू न देणारा) शेरा आहे का? देवस्थान इनाम आहे का? खाजगी वनांचा किंवा वनसंज्ञेचा (महसूल नोंदीत 'वन' असं लागलेला) शेरा आहे का? हा शेवटचा प्रश्न सिंधुदुर्गात तर पहिला विचारावा. घेणारा शेतकरी नसेल तर बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावर बंधन घालणारं कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं, तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि वाट. वाटेबद्दल मी थोडा हट्टाने लिहितो. कोकणात घरापर्यंत जायला पाखाडी (दगडी पायवाट) असते, कुणाच्या तरी आगरातून जाणारी वहिवाटीची वाट असते, आणि पिढ्यान् पिढ्या कुणी कुणाला अडवलेलं नसतं. पण परवानगीच्या कागदावर त्या वाटेची कायदेशीर रुंदी लागते आणि तुमचं बांधकाम किती व कोणत्या वापराचं, हे पुष्कळदा त्या रुंदीवर ठरतं. पायवाटेवर पर्यटक निवास मंजूर होत नाही. वकिलाने वाटेचा हक्क कागदावर दाखवावा, सर्व्हेअरने तिची रुंदी जागेवर मोजावी आणि दोघांची उत्तरं जुळावीत. जुळत नसतील तर शेजाऱ्याशी नोंदणीकृत लेख होईपर्यंत पुढच्या एकाही सल्लागाराला पैसे देऊ नका.

मोजणी म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाची सरकारी मोजणी. खाजगी सर्व्हे कितीही अचूक असला तरी हद्दीच्या बाबतीत चालतो तो मोजणीचा नकाशाच. हल्ली मोजणी रोव्हरने (उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या यंत्राने) होते, म्हणून हद्दीच्या खुणांचे अक्षांश-रेखांश मागून घ्या. पुढे याच आकड्यांवर सगळ्यांचे नकाशे एकमेकांवर बसवायचे आहेत. मोजणीच्या दिवशी लगतधारक हजर राहतील असं बघा. जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द, असं दोन्ही बाजू मानत असतात आणि रोव्हर गडग्याच्या आत किंवा बाहेर खूण दाखवतो. हा वाद त्याच दिवशी, त्याच जागी, माणसं समोर असताना मिटवणं सर्वांत स्वस्त पडतं.

मग रेषा: सीआरझेड आणि तिची भावंडं

आता आर्किटेक्टला बोलवा, पण चित्र काढायला नव्हे. त्याने आधी तीन गोष्टी आणायच्या: नियोजन प्राधिकरण कोण याचं उत्तर, झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या क्षेत्रात आहे ते सांगणारा), आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला त्या जागेचा भाग). गाव नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, प्रादेशिक योजनेत आहे की एखाद्या विशेष नियोजन प्राधिकरणाकडे दिलेलं आहे, यावर अर्ज कुठे जाणार हे ठरतं. गावठाणातली आणि गावठाणाबाहेरची जमीन यांतही फरक पडतो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. कोकणातल्या बहुतेक जागांना अंतरं, उंची, चटईक्षेत्र (सगळे मजले मिळून किती बांधता येईल ते) हे तीच सांगते, पण तिच्यावर किनाऱ्याचे नियम बसतात. दोन्हींत जो कडक असेल तो पाळायचा.

किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, सध्याची अधिसूचना १८ जानेवारी २०१९ ची आहे. तिच्या आधीची ६ जानेवारी २०११ ची. २०१९ चे नियम एखाद्या जिल्ह्यात वापरता येतात ते त्या जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा नव्या अधिसूचनेनुसार मंजूर झाल्यावरच. म्हणून सीआरझेड सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा: तुम्ही कोणत्या मंजूर आराखड्यावरून बोलता आहात? त्याच्या अहवालात आराखड्याचं वर्ष आणि पत्रक क्रमांक लिहिलेला हवा.

२०१९ च्या नियमांत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती आहे तो सीआरझेड ३-अ. तिथे समुद्राच्या उच्चतम भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवं बांधकाम न करायची पट्टी. बाकीचा ३-ब, तिथे २०० मीटर. आपल्याकडची बहुतेक गावं ३-ब मध्ये बसतात. खाडीच्या काठाला मात्र ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. २०११ मध्ये खाडीसाठी हेच अंतर १०० मीटर होतं.

आपल्या ६० गुंठ्यांवर म्हणजे दोन रेषा येतात. समुद्राची भरतीरेषा लांब आहे, त्यामुळे २०० मीटरची पट्टी जमिनीला शिवत नाही, पण २०० ते ५०० मीटरच्या टप्प्यात जमीन येते. खाडीची रेषा मात्र आगरातून जाते आणि खालचा तुकडा ना-विकास क्षेत्रात टाकते. पर्यटक निवासासाठी या टप्प्यात अधिसूचनेच्या परिशिष्टाच्या अटी लागतात: भूखंड किमान ०.४ हेक्टर, सर्व मजल्यांचं मिळून बांधकाम भूखंडाच्या ३३ टक्क्यांपर्यंत, छपराच्या आढ्यापर्यंत उंची ९ मीटरपर्यंत, आणि तळमजल्यावर एकच मजला. भूजलाचीही अट आहे. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत पाणी उपसायचं नाही, आणि २०० ते ५०० मीटरमध्ये भूजल मंडळाच्या सहमतीनेच. बारा खोल्यांचं निवास विहिरीवर चालवायचं स्वप्न असेल तर ही ओळ पाण्याच्या सल्लागाराला पहिल्या दिवशी कळायला हवी.

मालकाचं स्वतःचं छोटं घर वेगळं बघावं लागतं. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराची वाट स्थानिक प्राधिकरणाकडून जाते, अर्थात सीआरझेडचे नियम तपासूनच. निवासाचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. एकाच जमिनीवर दोन वाटा असतील तर क्षेत्राची विभागणी आधी करा. नाहीतर घराची साधी फाईलही निवासाच्या फाईलीमागे थांबून राहते. आणि गावात तुमचं जुनं घर असेल, पाहुणे तिथेच ठेवायचे असतील, तर जोतं, रचना व दर्शनी भाग न बदलता स्थानिकांना घरगुती निवास चालवण्याची मुभा अधिसूचनेत आहे. पुष्कळांना तेवढंच पुरेसं असतं आणि नव्या बांधकामाचा खटाटोप वाचतो.

कांदळांबद्दल एक धोक्याची जागा. २०१९ ची अधिसूचना म्हणते की कांदळवन १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर भोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा. त्यावरून काही सल्लागार लिहून देतात की तुमची कांदळं थोडी आहेत, पट्टा लागत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशात कांदळवनांच्या सर्व बाजूंच्या ५० मीटरमधली बांधकामं, जमीन कुणाच्याही मालकीची आणि कितीही क्षेत्राची असली तरी, थांबवायला सांगितली, आणि २०१८ च्या निकालात तेच संरक्षण कायम ठेवलं. म्हणून माझा आग्रह असा: चार झुडपं असली तरी सर्व्हेअरने ती नकाशावर घ्यावीत आणि ५० मीटरची रेषा आखावी. आर्किटेक्टने त्या रेषेबाहेरच बांधावं. कांदळं हा खाडीकाठच्या जमिनीचा आधार आहे, उधाणाच्या वेळी ती काय करतात हे काठावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

सीआरझेडची बाकी भावंडं थोडक्यात. जागेजवळ केंद्रीय संरक्षित स्मारक असेल, म्हणजे सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, कुलाबा, जंजिरा यांसारखा किल्ला, तर १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. नदीकाठी जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा पाहा. २२ जुलै २०२१ नंतर चिपळूण-महाडकडे याकडे कुणी दुर्लक्ष करू नये. सह्याद्रीच्या पायथ्याकडे पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यात गावाचं नाव आहे का, हे बघा. हा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे, शेवटचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. राष्ट्रीय महामार्ग ६६ लगत असाल तर प्रवेशमार्गाची परवानगी वेगळी.

एकच पाया-नकाशा

वरच्या सगळ्या रेषा एका कागदावर आल्या पाहिजेत. या कागदाला मी सगळ्या प्रक्रियेचा कणा मानतो आणि त्यावर वेळ घालवायला कधीही कचरत नाही.

टोपो सर्व्हे (जागेचे चढ-उतार आणि तिच्यावरच्या गोष्टींची मोजणी) करणाऱ्याला काम देतानाच सांगा: मोजणीच्या खुणा तुमच्या नकाशावर जशाच्या तशा बसल्या पाहिजेत, उंची समुद्रसपाटीपासूनची हवी, विहीर, पऱ्या (ओढा), गडगे, पाखाडी, विजेचे खांब, प्रत्येक मोठं झाड त्याच्या जातीसह हवं. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ आणि कांदळ ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत. ती नुसत्या गोलांनी दाखवली तर वृक्षगणना पुन्हा करावी लागते.

उंचीचा मुद्दा वाटतो तेवढा किरकोळ नाही. सर्व्हेअर सोयीसाठी विहिरीच्या कठड्याला १००.०० धरतो आणि सगळ्या पातळ्या त्यावरून लिहितो. पूररेषेचा आकडा समुद्रसपाटीपासून, समजा, ६.८० मीटर आलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशावर ९८.४० दिसतं, त्याला वाटतं पाणी फार खाली आहे आणि तो जोतं तसंच ठेवतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, पण दोन्हींचे शून्य वेगळे. पाया-नकाशाच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहून टाका: पातळ्या समुद्रसपाटीपासून, निर्देशांक यूटीएम विभाग ४३ उत्तर (यूटीएम म्हणजे जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत), मोजणीची तारीख अमुक. ज्याच्या नकाशावर ही ओळ नाही तो नकाशा घ्यायचा नाही.

सीआरझेडसाठी १:४००० प्रमाणाचा नकाशा केंद्राने अधिकृत केलेल्या संस्थेकडूनच घ्यावा लागतो. त्या संस्थेला तुमच्या हद्दीचे निर्देशांक पाया-नकाशावरूनच द्या आणि तिच्याकडून आलेली भरतीरेषा पुन्हा पाया-नकाशावर उतरवा.

आता गावच्या रेषा. शिमग्यात पालखी कोणत्या वाटेने येते, सहाण (पालखी ठेवायची जागा) कुठे आहे, देवराईची हद्द कुठपर्यंत, जाळी आणि मासे वाळत घालायची जागा कोणती, पावसात वाडीचं पाणी कुठून उतरतं. यांतलं काहीही झोन दाखल्यात नसतं. मानकऱ्यांना आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन एकदा जागा फिरा आणि ते सांगतील ते पाया-नकाशावर तुटक रेषेने काढा. पालखीच्या वाटेवर कुंपण आलं तर ग्रामसभेत जे होतं त्याला नियमावलीत उत्तर नाही. शिवाय त्या वाटेवर गावाचा हक्क आहे, तो सांभाळणं हे आपलं काम आहे.

सगळ्या रेषा आल्यावर आर्किटेक्टने एकच आकृती काढायची: बांधायला नक्की किती जमीन उरली. आपल्या उदाहरणात ६० गुंठे म्हणजे सुमारे ६०७० चौरस मीटर, त्याच्या ३३ टक्के म्हणजे दोन हजार चौरस मीटर बांधकाम कागदावर दिसतं. खाडीचा पट्टा, कांदळांचे ५० मीटर, पऱ्याची बाजू, वाटेचं रुंदीकरण आणि सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) वजा केली की इमारत उभी करायला एखाद्या वेळी वीस गुंठेच उरतात. मालकाला हे पान दाखवा आणि पुढे जायचं का, हे इथे ठरवा. इथवरचा खर्च सगळ्या प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असतो.

आराखड्याभोवतीचे सल्लागार, आणि पाऊस

आता आर्किटेक्टने प्राथमिक आराखडा करावा, पण त्याच वेळी माती, पाणी आणि स्ट्रक्चरल हे तिघे सोबत असावेत.

कोकणात सल्लागारांचं वेळापत्रक पावसावरून लावायचं. माती परीक्षणाचं यंत्र दिवाळी ते मे एवढ्यात जागेवर पोचतं. जांभा वरून दगडासारखा लागतो, खाली शेडी माती निघते, जी पाणी प्यायली की आधार सोडते. त्यामुळे एक बोअर (माती तपासायचं खोल भोक) घेऊन भागवू नका, उताराच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला घ्या. पाण्याच्या सल्लागाराला दोनदा बोलवा: ऑगस्टमध्ये पाणी कुठून वाहतं ते बघायला आणि मेच्या शेवटी विहिरीचा तळ बघायला. फक्त उन्हाळ्यात पाहिलेल्या जागेवरचं गटार पहिल्याच पावसात तुंबतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला समुद्राचं अंतर आकड्यात सांगा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे किनारी वातावरणातल्या काँक्रीटला किमान एम-३० (काँक्रीटच्या ताकदीची श्रेणी) आणि सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण लागतं, खाऱ्या पाण्याचे तुषार बसत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. याने खांब-तुळयांचे आकार बदलतात, म्हणून आर्किटेक्टचा आराखडा गोठवण्याआधी हे झालं पाहिजे. ९ मीटरची मर्यादा असताना वाढलेल्या तुळया आणि उतरतं छप्पर दोन्ही बसवायचं आहे. आणि छप्पर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कौलं आणि पत्रे कसे नेले हे सगळ्यांनी पाहिलं आहे. रुंद पडवी हवी हे मलाही मान्य, पण वासे भिंतीला आणि भिंत पायाला कशी बांधली आहे, हे इंजिनिअरच्या सहीने नकाशावर असू द्या.

सांडपाण्याचं उदाहरण जरा जवळून बघा, कारण ते पुन्हा पुन्हा घडतं. प्लंबिंगचा सल्लागार सांडपाणी प्रक्रियेची टाकी सर्वांत खालच्या कोपऱ्यात ठेवतो, कारण पाणी आपोआप तिकडे जातं. सर्वांत खालचा कोपरा म्हणजे खाडीकडचा, म्हणजे ना-विकास क्षेत्र. सीआरझेड सल्लागाराला फक्त इमारतींचे आकार पाठवलेले असतात, टाकी त्याच्या नकाशावर नसतेच. त्याचा अहवाल 'ना-विकास क्षेत्रात बांधकाम नाही' असं सांगतो, आणि आर्किटेक्टने सादर केलेल्या नकाशावर त्याच क्षेत्रात टाकी दिसते. अधिकाऱ्याने हे पकडलं तर महिने जातात, नाही पकडलं तर पुढे कुणाची तक्रार आली की सगळी मंजुरीच धोक्यात येते. शिवाय जांभ्यातून पाणी भराभर झिरपतं, शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आला तर विहीर गेली, आणि शेजाऱ्याचीही जाते. उपाय साधा आहे: जमिनीला हात लावणारी प्रत्येक गोष्ट, टाकी, शोषखड्डा, कुंपण, जनरेटरचा ओटा, गाडीतळ, पोहण्याचा तलाव, सगळं पाया-नकाशावर येईपर्यंत सीआरझेडचा अंतिम अहवाल मागायचाच नाही.

रोजचं काम कसं चालवावं

तीन कागद पुरतात. पहिला, नकाशांची नोंदवही: नकाशाचं नाव, आवृत्ती, तारीख, कुणाला पाठवला. जुन्या आवृत्तीवर कुणी काम केलं तर ते इथेच सापडतं. दुसरा, प्रश्नांची यादी: कुणी कुणाला काय विचारलं, उत्तर कधीपर्यंत, आलं का. तिसरा, गृहीतकांचा तक्ता. हा फार कमी लोक ठेवतात आणि तोच सर्वांत उपयोगी. प्रत्येक सल्लागार काहीतरी धरून चालतो: 'रस्ता रुंद होईल', 'पाणी नळयोजनेचं मिळेल', 'खोल्या बाराच राहतील'. ते लिहून काढा आणि प्रत्येकापुढे ते खरं करणाऱ्याचं नाव घाला. खोल्या बाराच्या सोळा झाल्या की कुणाकुणाला फोन करायचा, हे तक्ताच सांगतो.

व्हॉट्सॲपवर फोटो आणि बोलणं चालू द्या. पण निर्णय ईमेलवर.

बैठका फार नकोत. पाया-नकाशा तयार झाल्यावर एक, आराखडा गोठवताना एक, सादर करण्याआधी एक. यातली मधली बैठक जागेवरच घ्या, चुन्याने इमारतीची रेषा मारून. मुंबईचा सल्लागार म्हणेल की व्हिडिओवर जमेल. त्याला येण्याचा खर्च द्या आणि बोलवाच.

करारात फी टप्प्यांनी बांधा आणि शेवटचा टप्पा मंजुरीशी किंवा निदान त्रुटींच्या पूर्ततेशी जोडा. किती वेळा नकाशा बदलणं फीमध्ये धरलेलं आहे, सरकारी शुल्क कोण भरणार, बदलता येणारी संगणकीय नकाशा-फाईल मिळणार की नुसती पीडीएफ, हे आधी लिहा. प्रत्येकाची नोंदणीही तपासा: आर्किटेक्टची वास्तुकला परिषदेकडची, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना, पर्यावरण सल्लागाराची मान्यता. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, आपल्या उदाहरणात तो प्रश्न येत नाही.

अर्ज आणि त्रुटी

सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात एका माणसाला, ज्याने यातलं काहीच केलेलं नाही, सगळी फाईल वाचायला द्या. त्याने फक्त आकडे जुळवायचे: भूखंडाचं क्षेत्र सातबारावर, मोजणीवर, झोन दाखल्यावर आणि आर्किटेक्टच्या तक्त्यात एकच आहे का? हिस्सा नंबर सगळीकडे सारखा लिहिला आहे का? मालकांची नावं आधारवर आणि सातबारावर जुळतात का? निम्म्या त्रुटी इथेच निघून जातात.

बांधकाम परवानगीचा अर्ज ऑनलाइन जातो आणि सीआरझेडची वाट वेगळी असते. कोणती परवानगी कोणत्या परवानगीला अडून आहे, हे एका कागदावर बाणांनी काढा. अकृषिक वापराची वाटही यातच बघा. गावठाणाच्या २०० मीटरच्या आत असल्यास जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड उपयोगी पडू शकतं.

त्रुटींचं पत्र आलं की प्रत्येक सल्लागार आपापलं उत्तर परस्पर देतो, आणि इथे बांधलेली मोट सुटते. नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांची मुदत अर्जापासून किंवा तुम्ही मागणीला उत्तर दिल्यापासून, जे नंतरचं असेल तिथून मोजली जाते. तुकड्या-तुकड्यांनी उत्तरं दिली की मुदत पुढे सरकत राहते. म्हणून सूत्रधाराने पत्रातला प्रत्येक मुद्दा क्रमाने लिहावा, समोर उत्तर, त्यासमोर कोणत्या नकाशाच्या कोणत्या आवृत्तीत बदल केला ते, आणि सगळं एकाच वेळी द्यावं. एका मुद्द्यासाठी केलेल्या बदलाने दुसऱ्याचा अहवाल खोटा पडतो का, हे विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका. इमारत दोन मीटर सरकली तर माती परीक्षणाचा बोअर बाहेर राहिला का, फणस आत आला का, भरतीरेषेचं अंतर बदललं का?

अधिकाऱ्याला भेटायचं असेल तर मोकळेपणाने वेळ मागून भेटा आणि पाया-नकाशा घेऊन जा. त्यांच्या समोर रोज वेगवेगळ्या प्रमाणांचे नकाशे येतात. सगळ्या रेषा एकाच कागदावर दिसल्या की चर्चा मुद्द्याची होते. नकार आला तर कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. अपिलाचा मसुदा वकिलाने लिहावा, पण त्यातलं प्रत्येक अंतर आर्किटेक्टने तपासावं.

मंजुरी आल्यावर

मंजुरीच्या पत्रात अटी असतात आणि सीआरझेडच्या पत्रात आणखी. त्या सगळ्यांचा एक तक्ता करा: अट, जबाबदार सल्लागार, कामाच्या कोणत्या टप्प्यावर पूर्ण करायची, पुरावा काय ठेवायचा. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं बंधनकारक आहे. ती टाकी कंत्राटदाराच्या नकाशावर आहे ना, हे खोदाईआधी बघा. परवानगीचं दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, तारीख सूत्रधाराच्या वहीत हवी. खोल्या विकायच्या असतील, आणि जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त व सदनिका आठाहून अधिक असं दोन्ही असेल, तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी जाहिरातीआधी.

पाया खोदण्यापूर्वी टोपो करणाऱ्या त्याच सर्व्हेअरला पुन्हा बोलवून इमारतीचे कोपरे, खाडीची रेषा आणि कांदळांची ५० मीटरची रेषा जागेवर खुंट्या मारून दाखवून घ्या. कंत्राटदार, आर्किटेक्ट आणि मालक तिघांनी उभं राहून ते बघावं, तारीख टाकून फोटो काढावेत. जोतं झाल्यावर जोत्याची तपासणी होते, त्याआधी त्याच सर्व्हेअरकडून जोत्याची पातळी आणि हद्दीपासूनची अंतरं लिहून घ्या. काही सेंटिमीटर इकडेतिकडे झालं असेल तर भिंती चढण्याआधी सुधारता येतं. भोगवटा प्रमाणपत्रासाठी सगळ्या सल्लागारांचे दाखले पुन्हा लागतात, म्हणून शेवटच्या टप्प्याची फी तोपर्यंत पूर्ण चुकती करू नका, आणि प्रत्येकाकडून प्रत्यक्ष बांधलेल्या कामाचा नकाशा सही-शिक्क्यासह ताब्यात घ्या.